आधी मुक्कामाचं बोला

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत सहलीची तारीख दोन गोष्टी ठरवतात. एक शाळेची सुट्टी आणि दुसरा नळाचा दिवस. पाणी आलं की टाकी, ड्रम, कळश्या सगळं भरून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं आणि पुढचं पाणी यायच्या आत घरी परतायचं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना याचं हसू येतं. पण चार-पाच दिवस गाडीने फिरायला निघणाऱ्याला जे कळायला हवं, ते आम्हाला या नळानेच शिकवलं आहे. पाणी कुठे मिळणार, किती पुरणार आणि संपायच्या वेळी आपण कुठे असणार, हे आधी बघायचं. बाकीचं नंतर.

अमेरिकेतला माझा मामेभाऊ दर उन्हाळ्यात ‘आरव्ही’ भाड्याने घेतो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, सगळं. यलोस्टोनसारख्या ठिकाणी गाडी लावायच्या जागेचं आरक्षण ते लोक सहा-सहा महिने आधी करतात. तिथे प्रत्येक गाडीला नंबर घातलेला तुकडा मिळतो, आणि चांगल्या कॅम्पात त्या तुकड्यावर विजेचा सॉकेट, पाण्याचा नळ आणि मैला सोडायला पाइपसुद्धा असतो. मागच्या दिवाळीत त्याने विचारलं, “तुमच्याकडे असं काही आहे का रे?” कागदावर आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या आणि त्या उभ्या करायची पार्कं, दोन्ही त्यात आहेत. पण त्या धोरणाच्या भरवशावर मराठवाड्यात गाडी काढू नका. इथे सॉकेट आणि पाइप तुमची वाट बघत थांबलेले नसतात.

म्हणून आपल्याला हिशेब वेगळा मांडावा लागतो. घरची कार किंवा भाड्याची ट्रॅव्हलर, तिच्यात थोडंफार सामान आणि रात्रीला कुणाच्या तरी आवारात मुक्काम. यात नवं काही नाही. आषाढीला पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा दिंड्यांबरोबर ट्रक असतात, पाण्याचे टँकर असतात, राहुट्यांचं सामान असतं. वारकरी वाट चालत असतात तेव्हा दिंडीचा ट्रक पुढे जातो आणि मंडळी पोहोचायच्या आत चूल पेटलेली असते. चाकांवरचं घर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे, फक्त त्याला कुणी इंग्रजी नाव दिलं नाही. दिंडीत पहिला प्रश्न ‘आज काय बघायचं’ हा नसतोच. ‘मुक्काम कुठं’ हा असतो.

मी हे उलट्या क्रमाने शिकलो. चार वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबं, तेरा माणसं, एका धरणाकाठच्या तंबूंच्या कॅम्पला गेलो. मोबाइलवरच्या फोटोत तलाव होता, तंबूंची रांग होती, माळेचे दिवे होते. रात्री साडेनऊला पोहोचलो. तंबू होते, दिवेही होते. पण आमची तेरा आणि शेजारच्या दोन ग्रुपची माणसं मिळून संडास एक. दारात निळा ड्रम, ड्रमच्या तळाला वीतभर पाणी आणि त्यात हेलकावे खाणारा मग. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माझ्या मावशीने दार ढकललं, आतलं जमिनीलगतचं भांडं पाहिलं आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसली. त्या रात्री तिने पाण्याचा घोट घेतला नाही, पुन्हा उठायला लागू नये म्हणून. तलाव सुंदर होता, हे सकाळी दिसलं. तोवर कुणाला त्याच्याकडे बघायची इच्छा उरली नव्हती.

तेव्हापासून मी कॅम्पवाल्याकडून तलावाचे फोटो मागत नाही. संडासाचा व्हिडिओ मागतो, तोही त्याच दिवशी काढलेला. जो पाठवतो त्याच्याकडे जायचं. जो “साहेब, तुम्ही या तर, सगळं एक नंबर आहे” म्हणतो त्याला नमस्कार. बुकिंगच्या नंबरवर बोलणारा माणूस बहुतेकदा दूर कुठल्या तरी शहरात बसलेला असतो आणि त्याने ती जागा महिनोन्महिने पाहिलेली नसते. म्हणून पहिलं वाक्य हे, “जागेवर कोण असतं, त्यांचा नंबर द्या.” मग त्या जागेवरच्या माणसाला विचारा. संडास किती आणि कमोड आहे का? पाणी बोअरचं की टँकरचं? गाडी कुठे उभी राहणार, आणि रात्री पाऊस आला तर रुतणार नाही ना? ड्रायव्हर कुठे झोपणार? रात्री आवारात तुमचं कोण असतं? एवढ्यात कॅम्प कळतो. जेवणाचं विचारायचीही गरज पडत नाही, कारण संडास स्वच्छ ठेवणारा माणूस पिठलं चांगलंच करतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

आता मुक्काम शोधायचा कुठे? मोबाइलच्या नकाशावर ‘कॅम्पिंग’ लिहिलंत तर दिव्यांच्या माळाच हाती लागतील. मराठीत शोधा. ‘भक्त निवास’, ‘विश्रामगृह’, ‘कृषी पर्यटन’, ‘पर्यटक निवास’, ‘मंगल कार्यालय’ असे शब्द टाका. यातल्या शेवटच्या शब्दाला लोक हसतात, पण दहा-पंधरा माणसांच्या टोळीला मंगल कार्यालयासारखा दुसरा मुक्काम नाही. वऱ्हाडासाठी बांधलेल्या जागेत पाण्याची मोठी टाकी, रांगेने संडास-बाथरूम, पाच-सहा खोल्या, गाद्यांचा ढीग, भटारखाना आणि बस वळेल एवढं अंगण असतं. आषाढापासून कार्तिकापर्यंत लग्नं नसतात, तेव्हा ही कार्यालयं रिकामी असतात. लग्नसराईतही तिथी नसलेल्या दिवशी मालकाला फोन केला, कुटुंब आहे, एकच रात्र आहे असं सांगितलं, तर बऱ्याचदा काम होतं. दर ठरलेला नसतो, बोलून ठरवावा लागतो. ते काम आमच्याकडे बायको करते.

भक्त निवासांत शेगावचं गजानन महाराज संस्थान हा मापदंड धरा. स्वच्छता, शिस्त आणि माफक दर या तिन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात ते तिथे बघायला मिळतं. पण भक्त निवास हे हॉटेल नव्हे. ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं, गर्दीच्या दिवशी खोली मिळेलच असं नाही, आणि ‘आम्ही फक्त फिरायला आलोय’ असं काउंटरवर मोठ्याने सांगायचं नसतं. दर्शन घ्या, प्रसादाच्या रांगेत बसा, मग झोपा.

सरकारी विश्रामगृह म्हणजे जुन्या लोकांचा डाक बंगला. जागा हमखास चांगली, झाडं जुनी, आवार मोठं. पण साहेबांचा दौरा लागला की तुमची खोली गेली, म्हणून त्याला दुसरा पर्याय हाताशी ठेवूनच निघायचं. एमटीडीसीची पर्यटक निवासं आमच्या भागात फर्दापूरला आहेत, लोणारला आहेत. आवारात गाडी सुरक्षित राहते, आणि ट्रॅव्हलरवाल्याला तेवढंच हवं असतं. कृषी पर्यटन केंद्रांना राज्याचं 2020 चं धोरण आहे. पण ‘कृषी’च्या नावाखाली कुठे स्विमिंग पूल आणि डीजे असतो, तर कुठे खरंच गोठ्याशेजारी बाज टाकून मिळते. तुम्हाला काय हवं ते फोनवर स्पष्ट विचारा.

नकाशावर जागा सापडली की तिचं वरून घेतलेलं चित्र उघडा. हे काम कुणी करत नाही आणि सगळ्यात उपयोगाचं तेच आहे. आत जाणारा रस्ता दिसतो. ट्रॅव्हलर वळेल एवढी मोकळी जागा आहे का, हे दिसतं. जवळचं गाव किती लांब आहे तेही दिसतं. मुख्य म्हणजे तंबू ओढ्याच्या पात्रात तर ठोकलेले नाहीत ना, हे कळतं. जानेवारीत कोरडं, वाळूचं, मऊसूत दिसणारं पात्र जूनमध्ये कुणाला विचारून भरत नाही. मराठवाड्यात वळवाचा आणि परतीचा पाऊस विजा घेऊन येतो, म्हणून त्या दिवसांत माळावरच्या एकट्या झाडाखाली तंबू लावायचाच नाही. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून द्या. पहिला मालकाचा भाचा असतो आणि दुसरा भांडून गेलेला. तीन तारेवाला माणूस खरं बोलतो. तोही गेल्या दोन-तीन महिन्यांतला असावा.

बघायची ठिकाणं शोधणं त्यामानाने सोपं आहे, आणि म्हणूनच तिथे लोक चुकतात. चार दिवसांत अकरा ठिकाणं बसवलेली यादी मी पाहिली आहे. तिच्यात जेवायला वेळ नव्हता. माझा नियम असा, की एका दिवसाला एकच मोठं ठिकाण, आणि वाटेत लागलं तर एक लहान. आणि एका मुक्कामाला शक्यतो दोन रात्री. रोज सामान चढवा-उतरवा करण्यात सहलीचा निम्मा जीव जातो. दोन रात्री एका जागी राहिलात की मधल्या दिवशी गाडी रिकामी, माणसं हलकी आणि म्हातारी माणसं खुशीत.

ठिकाण ठरवलं की आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मोबाइलमधलं नव्हे, पंचांग असलेलं. अजिंठा लेणी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दरवर्षी कुणीतरी वऱ्हाड घेऊन सोमवारी फर्दापूरला पोहोचतंच. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वरापाशी गाडी लावायची आशा सोडा. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादचा रस्ता भद्रा मारुतीला निघालेल्या माणसांनी भरलेला असतो. पैठणला नाथषष्ठी, सिंदखेडराजाला 12 जानेवारी. या दिवशी जायचं असेल तर यात्रेला म्हणूनच जा, आनंद आहे. वास्तू निवांत बघायच्या असतील तर दुसरा दिवस निवडा.

आमच्या घरून निघून आमच्याच घरी परत येणारा, तीन रात्रींचा एक फेरा सांगतो. गेल्या हिवाळ्यात केला, परत करीन. आमची ट्रॅव्हलर पहाटे पाचला गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, कारण आत आली तर दोन्ही बाजूंच्या लावलेल्या गाड्यांतून तिला मागे काढताना सगळी गल्ली जागी होते. गजानन महाराजांच्या मंदिरावरून हात जोडत पुढे निघायचं. डब्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दोन दिवस टिकणारं, सांडत नाही असं आणि ज्याला ताट लागत नाही असं. पाण्याचे वीस लिटरचे दोन जार शेवटच्या सीटखाली दोरीने बांधलेले. एक प्यायचा, एक वापरायचा. वापरायच्या जारला तोटी बसवून घेतली आहे. शंभर-दीडशे रुपयांची ती तोटी हा आमच्या ‘आरव्ही’चा सगळ्यात मोलाचा भाग.

फुलंब्री, सिल्लोड मागे टाकलं की अजिंठ्याच्या रस्त्यावरून आत वळून अन्व्याला जायचं. भोकरदन तालुक्यातलं हे महादेवाचं मंदिर यादवकाळाच्या आसपासचं. बाहेरून ताऱ्यासारखे कोन काढलेलं, आणि खांबांवरचं कोरीवकाम जवळ जाऊन हात लावावासा वाटेल असं. लावू नका. तिथे रांग नाही, तिकिटाची घाई नाही. देवळाच्या सावलीत धपाट्यांचा डबा उघडला की सहल सुरू झाली असं वाटतं. वेरूळ-अजिंठ्याच्या नावाने येणारे हजारो लोक हे मंदिर सोडून जातात, याचं मला वाईट वाटतं आणि मनातल्या मनात बरंही वाटतं.

पुढे एक घोळ हमखास होतो. नकाशात ‘अजिंठा’ टाकलंत तर तो तुम्हाला अजिंठा गावात नेईल. गाव घाटावर आहे, लेण्यांना घाट उतरून फर्दापूरकडून आत जावं लागतं. दुसरी एक खूण तुम्हाला व्ह्यू पॉइंटला नेईल, म्हणजे लेण्यांच्या समोरच्या डोंगरावर. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी लेणी दिसली ती या समोरच्या बाजूनेच. तिथून वाघूर नदीचं घोड्याच्या नालासारखं वळण आणि त्यावर कोरलेली लेण्यांची ओळ एका नजरेत दिसते. म्हणून चुकून नव्हे, मुद्दाम जा. पण पहिल्या दिवशी संध्याकाळी, घाट उतरण्याआधी. लेणी दुसऱ्या दिवशी.

फर्दापूरला दोन रात्री. लेण्यांपर्यंत आपली गाडी जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ती लावायची आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचं. सकाळच्या पहिल्या बसला जो असतो तो 1 नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर शांतपणे उभा राहू शकतो. अकरा वाजले की शाळांच्या सहली येतात आणि मग फक्त शिट्ट्या ऐकू येतात. 1, 2, 16, 17 ही चित्रांची लेणी आधी करा आणि 26 मधला निजलेला बुद्ध शेवटी. तीस लेणी मोजून पुरी करायचा हट्ट धरू नका. सुरुवातीच्या पायऱ्यांनीच गुडघे बोलायला लागतात, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. आत फ्लॅश चालत नाही, आणि अंधाराला डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. ती द्या. बहुतेक लोक रंग दिसायला लागायच्या क्षणी बाहेर पडतात.

तिसऱ्या दिवशी पुन्हा घाट चढून बुलढाण्याकडे. बुलढाणा, चिखली, मेहकर असा रस्ता आहे. मेहकरला शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली मोठी, देखणी मूर्ती आहे, अर्धा तास पुरतो. संध्याकाळच्या आत लोणार गाठायचं.

लोणारला मुक्काम केल्याशिवाय लोणार कळत नाही, हे मी दोनदा दुपारी जाऊन परत आल्यावर शिकलो. दुपारी काठावरून एक हिरवट, स्थिर पाणी दिसतं आणि मुलं विचारतात, “एवढंच?” पहाटे मात्र धुकं विवराच्या आत भरलेलं असतं. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाची ती वाटी, उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेली, दुधाने भरावी तशी दिसते. मग ऊन आत उतरतं आणि धुक्याखालून मोरांचे आवाज येतात. खाली उतरायचं तर याच वेळी, पायात बूट घालून आणि स्थानिक वाटाड्याला घेऊन. हे अभयारण्य आहे, बिबटेही आहेत, त्यामुळे संध्याकाळी उतरू नये. पाणी खारं आणि सोड्याचं, त्याला स्वतःचा एक वास असतो. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतलं, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसरचा दर्जा मिळाला. वर आल्यावर गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा. त्याच्या छतावरची शिल्पं बघायला मान वर करून मोबाइलचा टॉर्च लावू नका, तिथली माणसं आरशाने ऊन आत पाडून दाखवतात, ते बघण्यात जास्त मजा आहे.

चौथ्या दिवशी दुपारी सिंदखेडराजा. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. वाड्याच्या प्रवेशद्वारासमोर पाच मिनिटं उभं राहिलं तरी त्या घराण्याचा आवाका लक्षात येतो. लखुजींची समाधीही बघा, तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. मग जालना आणि घर. शेगाव जोडायचं असेल तर बुलढाण्याहून तिकडे वळा आणि एक मुक्काम वाढवा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पक्क्या भिंतीतलं झालं, तंबूचं काय? तंबूच हवा असेल तर भंडारदऱ्याकडे जा. तिथल्या शेंडी, मुरशेत, पांजरे या गावांत घरच्या अंगणात, भातखाचरांच्या कडेला तंबू लावून देणारी कुटुंबं आहेत. जेवण त्यांच्या चुलीवरचं असतं. 1926 साली पुरं झालेलं धरण, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी, आणि 1646 मीटरचं कळसूबाई, तीन दिवस कमी पडतात. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला काजवे. अमावस्येच्या जवळपासची रात्र धरा, आणि गाडीचे दिवे, टॉर्च, मोबाइल सगळं बंद ठेवा. काजव्यांच्या झाडाखाली हेडलाइट लावून सेल्फी काढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. वनखात्याच्या नाक्यावर रात्री ठरावीक वेळेनंतर प्रवेश बंद होतो, म्हणून दुपारीच पोहोचा. आमच्याकडे गौताळ्यातही रान आहे, पितळखोरा आहे, पण ते अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी नसेल तर तिथे मुक्काम नाही आणि जाळ तर नाहीच.

गाडीबद्दल थोडं, कारण त्यावरच सगळं चालतं. भाड्याची ट्रॅव्हलर घेताना पिवळी पाटी बघा. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण अपघात झाला की विम्याच्या कागदावर सगळं महाग होतं. जुनी ट्रॅव्हलर घेऊन सीट काढायच्या आणि पलंग-शेगडी बसवायची, हे स्वप्न आमच्या भागातल्या दोन-तीन हौशी माणसांना पडलेलं मला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीचं मूळ रूप असं मनाने बदलता येत नाही. आधी आरटीओत जा, मग सुताराकडे.

समृद्धी महामार्गामुळे आमचं गणित बदललं, हे मान्य. सावंगीला चढलं की मेहकर केव्हा आलं कळत नाही. 2022 च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी सुरू झाला आणि 2025 च्या जूनमध्ये 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता. पण सरळ, रिकामा, काँक्रीटचा रस्ता ड्रायव्हरला झोप आणतो आणि उन्हाळ्यात टायर तापवतो. चढण्याआधी टायरची हवा तपासा, दर दोन तासांनी अधिकृत थांब्यावर थांबा, कडेला गाडी उभी करून डबा उघडू नका. वर्षाचा फास्टॅग पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, समृद्धीवर चालत नाही. तो भाड्याच्या पिवळ्या पाटीलाही लागू नाही. आडरस्त्याला संडासाची वेळ आली तर पेट्रोल पंप गाठा. संडास, पिण्याचं पाणी आणि टायरला हवा मोफत देणं हे पंपाचं कामच आहे, डिझेल भरलं नाही तरी. कुलूप असेल तर किल्ली मागा, लाजू नका.

आणि ड्रायव्हर. तेरा माणसांची झोपायची सोय बघणारे आपण चौदाव्याचं विसरतो. तो सीटवर पाय मुडपून, डास मारत रात्र काढतो आणि सकाळी त्याच्याच हातात आपण पोरंबाळं सोपवतो. त्याला खोली द्या, नाहीतर निदान गादी, पंखा आणि आठ तास. रात्री दहानंतर गाडी पळवायची नाही, हे त्याला नव्हे, स्वतःला बजावा.

मोठ्या शहरातून खरीखुरी कॅराव्हॅन भाड्याने आणणार असाल तर तिची उंची फुटांत लिहून घ्या आणि ती चिठ्ठी ड्रायव्हरसमोर चिकटवा. आमचं शहर दरवाजांचं आहे. दौलताबादला तर जुन्या रस्त्यावर दिल्ली दरवाजाच्या कमानीतून जावं लागायचं, आणि तिथे मोठ्या गाड्यांची झालेली कोंडी इथल्या प्रत्येकाच्या आठवणीत आहे. रेल्वेखालचे बोगदे, गावच्या वेशी, लोंबकळणाऱ्या तारा, झाडांच्या फांद्या हे नकाशात दिसत नाही. विजेसाठी मुक्कामाच्या जागी पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे का ते विचारा आणि लांब, जाड वायर सोबत ठेवा. मैल्याची टाकी रिकामी करायची ती मुक्कामाच्या मालकाला विचारून, त्याच्या सेप्टिक टँकमध्येच. ओढ्यात नाही, शेतात नाही, ‘रात्र आहे, कोण बघतंय’ असं तर नाहीच. जो मालक या कामाला हो म्हणतो त्याचा नंबर जपून ठेवा, असे थोडे असतात.

माझ्याकडे त्यासाठी एक शंभरपानी वही आहे. प्रत्येक मुक्कामाला एक पान. जागेवरच्या माणसाचा नंबर, संडास किती, पाणी कसलं, गाडी कुठे लावली, दर काय पडला, मावशीला जमलं का. शेवटचा रकाना महत्त्वाचा, बाकीचे पाच त्याच्यावरूनच भरता येतात. लोणारच्या पानावर त्या रकान्यात मावशीने स्वतःच्या हाताने ‘हो’ लिहिलं आहे. पुढच्या वेळी पैठणला नाथसागराचे पक्षी बघायला जायचं ठरतंय, जानेवारीत. मंगल कार्यालयाच्या मालकाशी बायकोचं बोलणं झालं आहे. फक्त नळाचा दिवस कळायचा आहे.